मेलमधून आलेली फाइल उघडत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात मी संगणकाचे वर्ग घेतो आणि संध्याकाळी नाट्यमंडळांच्या संहिता, देवस्थानांच्या जत्रेच्या पत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देतो. "मेल आली, फाइल दिसते, पण उघडत नाही" ही तक्रार माझ्याकडे सतत येते. कधी डिचोलीहून, कधी पेडण्याहून, कधी लिस्बनला असलेल्या मुलाच्या घरून, तर कधी बोटीवर कामाला गेलेल्याच्या आईकडून. प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून लोकांनी विचारले तसेच इथे एकत्र केले आहेत. फायलींच्या नावातली इंग्रजी अक्षरं आणि मेन्यूतले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. स्क्रीनवर ते इंग्रजीत दिसतील.

१. सर, फाइल उघडत नाही. आधी काय बघू?

आधी नावाची शेपटी बघा. टिंबानंतरची तीन-चार अक्षरं (पीडीएफ, डॉक-एक्स, जेपीजी वगैरे) म्हणजे शेपटी, म्हणजेच एक्स्टेन्शन. ती कळली की अर्धं काम झालं. विंडोज ही शेपटी मुळातच लपवून ठेवतं. विंडोज ११ मध्ये फोल्डर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करा. हे एकदा केलं की कायमचं होतं, आणि सुरक्षेसाठीही ते गरजेचं आहे (प्रश्न १२).

मग फाइलचा आकार बघा. शून्य केबी किंवा एक-दोन केबी दिसत असेल तर बहुधा फाइल पूर्ण उतरलेलीच नाही. पावसाळ्यात वीज गेली, राउटर बंद पडला, डाउनलोड मध्येच तुटलं, असं आपल्याकडे नेहमी होतं. पुन्हा डाउनलोड करा.

शेवटी पाठवणाऱ्याला विचारा: "विंडोजवरून पाठवलंस, मॅकवरून की फोनवरून? कुठल्या प्रोग्राममध्ये केलंस?" पुढची बहुतेक उत्तरं या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून आहेत.

२. तिकडे त्याच्या संगणकावर व्यवस्थित उघडते, माझ्याकडेच नाही. फाइल वाटेत खराब झाली का?

बहुधा नाही. मेल मुळात फक्त साध्या इंग्रजी मजकुरासाठी बनली. फोटो, आवाज, दस्तऐवज जोडायची सर्वांनी मान्य केलेली पद्धत १९९२ साली नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी मांडली. तिचं नाव माइम. त्यात फाइलचं रूपांतर साध्या अक्षरांत होतं आणि प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी लागते: हा फोटो, हा पीडीएफ, याचं नाव अमुक. पलीकडचा प्रोग्राम ती चिठ्ठी वाचून फाइल पुन्हा जुळवतो.

हा प्रवास सहसा बिनचूक होतो. अडचण येते ती दोन ठिकाणी. चिठ्ठी चुकीची किंवा अर्धवट लिहिलेली असते, किंवा फाइल जशीच्या तशी पोचते पण ती उघडणारा प्रोग्राम किंवा फॉन्ट तुमच्याकडे नसतो. म्हणूनच "पुन्हा पाठव" असं सांगून पुष्कळदा काहीच साधत नाही. तीच फाइल तशीच परत येते. "वेगळ्या रूपात पाठव" असं सांगा, आणि कुठल्या रूपात तेही सांगा. तशा निरोपाचा मजकूर प्रश्न १५ मध्ये आहे.

३. पत्रिका पीडीएफमध्ये पाठवली म्हणतात, माझ्याकडे मात्र 'विनमेल.डॅट' नावाची फाइल आली. हे काय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो. पाठवणारा विंडोजवरच्या आउटलुकमधून मेल पाठवतो आणि त्याची मेल 'रिच टेक्स्ट' या प्रकारात असते. तेव्हा आउटलुक अक्षरांची सजावट आणि जोडलेल्या सगळ्या फायली स्वतःच्या खास गाठोड्यात बांधतं. समोरही आउटलुक असेल तर गाठोडं आपोआप सुटतं आणि कुणाला काही कळतही नाही. समोर मॅक, लिनक्स किंवा साधा फोन असेल तर गाठोडं तसंच राहतं, तेच विनमेल.डॅट. तुमचा पीडीएफ त्याच्या आत सुखरूप असतो.

खरा उपाय पाठवणाऱ्याकडे आहे. त्याने आउटलुकमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'मेल' इथे जाऊन मेल लिहायचा प्रकार 'एचटीएमएल' करावा. त्याच पानावर खाली इंटरनेटवरच्या लोकांना रिच टेक्स्ट पाठवताना काय करायचं हे विचारलेलं असतं, तिथे 'कन्व्हर्ट टू एचटीएमएल फॉरमॅट' निवडावं. एवढं करूनही फक्त तुम्हालाच विनमेल.डॅट येत असेल, तर त्याच्या संपर्क यादीतल्या तुमच्या पत्त्यावर जुनी सेटिंग चिकटलेली असते. तो संपर्क काढून नव्याने भरावा.

पाठवणारा भेटत नाही आणि पत्रिका उद्याच छापायची आहे, अशा वेळी गाठोडं सोडणारे छोटे प्रोग्राम मिळतात: मॅकवर 'टीएनईएफ्ज इनफ', लिनक्सवर 'टीएनईएफ' नावाची आज्ञा. या फाइलची शेपटी बदलून तिला पीडीएफ करू नका, त्याने काही होत नाही.

४. मुलीने मॅकवर लिहून पाठवलं, शेपटी 'पेजेस' आहे. विंडोजवर कशात उघडू?

पेजेस, नंबर्स आणि की (म्हणजे कीनोट) हे ॲपलचे स्वतःचे प्रकार. वर्ड ते उघडत नाही. सोपा मार्ग म्हणजे मुलीला सांगा: 'फाइल', 'एक्सपोर्ट टू', मग फक्त वाचायचं असेल तर पीडीएफ आणि दुरुस्त्या करायच्या असतील तर वर्ड.

तिच्याशी बोलणं होत नसेल तर ब्राउझरमध्ये आयक्लाउडच्या साइटवर ॲपलचं मोफत खातं उघडा आणि फाइल तिथे चढवा. विंडोजवरूनही ती उघडते, आणि तिथूनच पीडीएफ उतरवता येतो.

आत काय आहे एवढंच बघायचं असेल तर फाइलची एक प्रत काढून तिची शेपटी 'झिप' करा आणि उघडा. आत बहुधा पहिल्या पानाचं छोटं चित्र असतं. पूर्ण मजकूर मिळणार नाही, पण ही लग्नपत्रिका की जमाखर्च, एवढं कळतं.

५. भाच्याने आयफोनवरून चतुर्थीचे फोटो पाठवले, ते 'एचईआयसी' आहेत. उघडतच नाहीत.

२०१७ सालच्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो या प्रकारात साठवतो, कारण जागा कमी लागते. फोटोंच्या ॲपमधून मेल केली तर पुष्कळदा फोन स्वतःच जेपीजी करून देतो. पण 'फाइल्स' मधून जोडले तर मूळ प्रकारातच जातात.

विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स' घ्या, ते मोफत आहे. काही फोटोंसाठी सोबत 'एचईव्हीसी' चं एक्स्टेन्शनही लागतं. तेवढी खटपट नको असेल तर फोटो गूगल फोटोजमध्ये चढवा, तिथे दिसतात.

भाच्याला पुढच्या वेळेसाठी सांगा: 'सेटिंग्ज', 'कॅमेरा', 'फॉरमॅट्स', 'मोस्ट कम्पॅटिबल'. आधी काढलेले फोटो त्याने बदलत नाहीत, नवे मात्र जेपीजी होतात.

६. नाटकाची संहिता आली, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. हे दुरुस्त होईल का?

होईल. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण गोव्यातल्या मराठी माणसाचं सर्वांत जास्त नुकसान या एका गोष्टीने होतं.

युनिकोड घराघरांत पोचण्याआधी मराठी टायपिंग श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी, सी-डॅकचे डीव्ही फॉन्ट अशांवर व्हायचं. अनेक छापखान्यांत अजूनही होतं. या पद्धतीत संगणकाला मराठी कळतच नाही. तो इंग्रजी अक्षरंच साठवतो, आणि फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी 'क', 'ख' ची चित्रं दाखवतो. तो फॉन्ट तुमच्याकडे नसला की चित्रं जातात आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. फाइल शाबूत असते.

पाठवणाऱ्याला फॉन्टचं नेमकं नाव विचारा. वर्डमध्ये उघडून मजकुरावर कर्सर ठेवला तर वर फॉन्टच्या चौकटीत ते नाव बहुधा दिसतंच. नुसतं "श्री-लिपी" पुरत नाही, पुढचा आकडाही लागतो, कारण त्यात अनेक फॉन्ट आहेत आणि सगळ्यांची मांडणी एकसारखी नाही. फॉन्ट बसवला की मजकूर दिसू लागतो.

पण कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे विंडोजचा मंगल किंवा निर्मला, मॅकचा कोहिनूर, लिनक्सचा लोहित, कुठल्याही फॉन्टमध्ये 'क' हा 'क' च राहतो. रूपांतर करणारी साधनं मिळतात, मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. 'कोपऱ्यात', 'तऱ्हा', 'दुसऱ्या' यांतला ऱ्य-ऱ्ह तुटतो. 'ॲ' आणि 'ऑ' हरवतात. जोडाक्षरात 'श्र', 'क्ष', 'द्ध' तपासा. मी रूपांतर झालं की हे शब्द 'फाइंड' ने एकेक शोधतो, आणि मग संहिता कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावतो. नाट्यमंडळात वाचणाऱ्यांची वाण नसते, आणि कानाला जे खटकतं ते डोळ्यांतून निसटलेलं असतं.

एक सावधानता: जुन्या फॉन्टमधून पीडीएफ केला तर तो छान दिसतो, कारण फॉन्ट आत बांधला जातो. पण त्यातून मजकूर कॉपी केला की पुन्हा तोच कचरा. छापायला पीडीएफ ठीक, जपून ठेवायला युनिकोडच.

७. आमची फाइल युनिकोडमध्येच आहे, तरी मराठी नीट दिसत नाही. असं का?

नेमकं काय दिसतं त्यावर उत्तर आहे.

रिकामे चौकोन दिसत असतील तर त्या यंत्रावर देवनागरी फॉन्टच नाही. नोटो किंवा मुक्ता बसवा, दोन्ही मोफत आहेत. वेलांटी सुटी पडून तुटक गोल वर्तुळाला चिकटलेली दिसते किंवा जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतात, तेव्हा फॉन्ट आहे पण प्रोग्रामला देवनागरी जुळवता येत नाही. असे जुने डिझाइनचे प्रोग्राम छापखान्यांत अजून सापडतात. प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी वर तिरपी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि सोबत विचित्र खुणा दिसतात, तेव्हा फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आहे आणि प्रोग्राम ती युरोपीय अक्षरं समजून वाचतो आहे. ती उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' निवडा, मजकूर जसाच्या तसा परत येतो.

आणि नुसती प्रश्नचिन्हं, एका ओळीत वीस-पंचवीस? तर मजकूर गेला. वाटेत कुठल्या तरी प्रोग्रामने ओळखू न आलेलं प्रत्येक अक्षर पुसून तिथे प्रश्नचिन्ह लिहिलं. ते परत आणता येत नाही, मूळ फाइलच मागवावी लागते. यावर तासन् तास घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो.

८. आमच्याकडे ६२ पानांचं नाटक, दिग्दर्शकाकडे तेच ७१ पानांचं झालं. तालमीत पान नंबर जुळत नाहीत.

वर्डच्या फाइलमध्ये सहसा फॉन्टचं फक्त नाव जातं, फॉन्ट जात नाही. समोरच्याकडे तो नसला की त्याचा संगणक दुसरा लावतो, अक्षरं रुंद होतात, ओळी वाढतात आणि पानं सरकतात. वर्डऐवजी लिबरऑफिसमध्ये उघडलं तरी थोडाफार फरक पडतो.

तालमीसाठी सगळ्यांना पीडीएफ द्या. दुरुस्त्या चालू असतील तर दोघांनी एकच मोफत फॉन्ट बसवून घ्या. विंडोजच्या वर्डमध्ये 'ऑप्शन्स', 'सेव्ह' खाली फॉन्ट फाइलमध्येच बांधायची सोय आहे, मात्र त्या फॉन्टच्या परवान्यात बसत असेल तरच ती चालते. आणि तालमीत पान नंबरापेक्षा प्रवेश आणि संवादाचे क्रमांक घाला. ते कुठल्याही यंत्रावर हलत नाहीत.

९. शेपटी 'ओडीटी' आहे. आणि एकदा डॉक-एक्स फाइल 'झिप' होऊन आली होती. दोन्ही कसं उघडायचं?

ओडीटी हा लिबरऑफिसचा नेहमीचा प्रकार आणि २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक. आजचं वर्ड ते उघडतं. मांडणी थोडी हलते, मजकूर जात नाही. लिबरऑफिस मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, म्हणून शाळांना मी तेच सुचवतो.

डॉक-एक्स हा ऑफिस २००७ पासूनचा प्रकार, आणि तो आतून खरोखरच झिप असतो. एखाद्या जुन्या मेलयंत्रणेला तो ओळखता आला नाही तर ते त्याच्यावर झिपची चिठ्ठी लावतं. उघडल्यावर आत 'वर्ड' नावाचा फोल्डर दिसला की समजा, ही तुमचीच फाइल. झिप सोडवू नका, शेपटी बदलून पुन्हा 'डॉक-एक्स' करा. शेपटी बदलून काम होतं असे प्रसंग थोडेच, त्यांतला हा एक.

१०. मॅकवरून आलेल्या झिपमध्ये प्रत्येक फाइल दोनदा दिसते, त्यातली एक उघडत नाही. कुठली खरी?

मॅक झिप करताना 'मॅकओएसएक्स' नावाचा जादा फोल्डर घालतो. त्यातल्या फायलींची नावं टिंब आणि खालच्या रेघेने सुरू होतात आणि आकार अगदी लहान असतो. ती मॅकची स्वतःची टिपणं आहेत. विंडोजवर ती पुसली तरी चालतं. बाहेरच्या, मोठ्या आकाराच्या फायली तुमच्या.

११. फाइलचं नाव मराठीत दिलं होतं, तिकडे ते बरोबर चिन्ह, प्रश्नचिन्ह आणि इंग्रजी अक्षरांची लांबलचक माळ झालं.

मेलच्या चिठ्ठीत (प्रश्न २) इंग्रजीखेरीज इतर अक्षरं सांकेतिक रूपात लिहावी लागतात, आणि त्याच्या दोन पद्धती चालतात. पाठवणाऱ्याने एक वापरली आणि घेणाऱ्याला दुसरीच कळत असेल तर संकेत उलगडत नाही. कधी नाव 'नोनेम' होतं आणि शेपटीही गळते. फाइल सेव्ह करा, नाव नव्याने द्या, शेपटी योग्य ती लावा, उघडेल. पोर्तुगालहून आलेल्या दाखल्यांच्या नावात शेपूटवाला 'सी' किंवा वर लाट असलेला 'ए' असतो, तिथेही हेच होतं.

नावातल्या खुणाही जपा. मॅकवर "पावती १२/३" असं नाव देता येतं, पण विंडोजला तिरपी रेघ, दोन टिंबं, प्रश्नचिन्ह, तारा, अवतरणचिन्ह नावात चालत नाहीत. तारखेसाठी आडवी रेघ वापरा.

१२. "सुरक्षिततेसाठी अटॅचमेंट अडवलं" असं येतं. आणि काही वेळा उघडायलाच भीती वाटते. काय करावं?

जीमेल आणि आउटलुक चालवता येणाऱ्या फायली (ईएक्सई, बॅट, जेएस वगैरे) अडवतात. जीमेल त्या झिपमध्ये लपवल्या तरी शोधून काढतं. हे चांगलंच आहे. तसा प्रोग्राम खरंच द्यायचा असेल तर पेन ड्राइव्हवर द्या.

भीती मात्र योग्य जागी ठेवा. "बिल.पीडीएफ.ईएक्सई" अशी दुहेरी शेपटी दिसली तर ती फाइल पीडीएफ नव्हे. विंडोज शेवटची शेपटी लपवतं म्हणूनच हा डाव साधतो. वर्ड-एक्सेलची फाइल उघडल्यावर पिवळ्या पट्टीत 'एनेबल एडिटिंग' येतं, ते मेलमधून आलेल्या बहुतेक फायलींवर येतं, घाबरू नका. पण 'मॅक्रो (फाइलच्या आतला छोटा प्रोग्राम) चालू करा' असं फाइल स्वतःच सांगत असेल तर करू नका, पाठवणाऱ्याला आधी फोन करा. मेलला उत्तर देऊन विचारू नका, कारण खातंच चोरीला गेलं असेल तर उत्तरही चोरच देईल.

१३. दशावताराचं रेकॉर्डिंग पाठवायचं आहे. मर्यादा २५ एमबी म्हणतात, माझी फाइल २२ ची आहे, तरी जात नाही.

मेलमध्ये फाइल साध्या अक्षरांत बदलते, तेव्हा दर तीन बाइटांमागे चार अक्षरं लागतात. म्हणजे वाटेत ती एक तृतीयांशाने फुगते. २२ ची २९ च्या पुढे जाते. १८ एमबीच्या आत ठेवा, अडचण येत नाही. त्याहून मोठं असेल तर गूगल ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवा, आणि 'लिंक असलेल्या कुणालाही' बघता येईल असं निवडा, नाहीतर समोरच्याला 'परवानगी मागा' एवढंच दिसतं.

बोटीवर असलेल्याला पाठवताना फार विचार करा. तिथलं इंटरनेट मंद आणि महाग असू शकतं. फोटो लहान करून एकच पाठवा, आणि निरोप फाइलमध्ये न ठेवता मेलच्या मजकुरातच लिहा.

१४. सरकारी पीडीएफ उघडत नाही: कधी पासवर्ड मागतो, कधी "कृपया थांबा" म्हणून तसाच राहतो, कधी सहीवर प्रश्नचिन्ह दिसतं.

तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्माचं वर्ष. बँकांचं सूत्र वेगवेगळं असतं, ते त्याच मेलमध्ये लिहिलेलं असतं.

"प्लीज वेट" वर अडकलेला पीडीएफ हा भरायचा जुन्या धाटणीचा फॉर्म असतो. तो ब्राउझरमध्ये किंवा फोनवर बहुधा उघडत नाही. आधी सेव्ह करा, मग संगणकावर ॲडोबी रीडरमध्ये उघडा.

सहीवरचं प्रश्नचिन्ह म्हणजे सही खोटी असं नव्हे. सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा की नाही हे तुमच्या रीडरला ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. कागद तुम्ही स्वतः सरकारी साइटवरून उतरवला असेल तर सहीवर राइट क्लिक करून प्रमाणपत्र विश्वासू यादीत घाला आणि 'व्हॅलिडेट' करा. दुसऱ्या कुणी मेलने पाठवला असेल आणि जमिनीचा व्यवहार त्यावर ठरणार असेल, तर स्वतः नव्याने उतरवून घ्या. आणि असे आधार, जमिनीचे उतारे, बँकेचे कागद 'मोफत कन्व्हर्टर' साइटवर चढवू नका. ते कुणाच्या यंत्रावर जातात हे आपल्याला कळत नाही.

१५. पाठवणारा वयाने मोठा आहे, त्यांना कसं सांगू? वाईट वाटेल.

मी हा मजकूर देतो, हवा तसा बदला: "काका, तुमची मेल पोचली, आभार. फाइल माझ्या संगणकावर उघडत नाही, कारण माझ्याकडे तो प्रोग्राम नाही. तुमची फाइल चांगलीच आहे. जमेल तेव्हा तिचा पीडीएफ करून पाठवाल का? वर्डमध्ये 'फाइल', 'सेव्ह ॲज', खाली प्रकारात पीडीएफ. नाही जमलं तर मी संध्याकाळी फोन करतो, आपण मिळून करू." फाइल चांगली आहे हे वाक्य वगळू नका.

१६. लिस्बनहून भावाने खर्चाची 'सीएसव्ही' पाठवली. एक्सेलमध्ये सगळं एकाच रकान्यात आलं आणि रकमाही भलत्याच.

सीएसव्ही म्हणजे रकाने सहसा स्वल्पविरामाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल. पोर्तुगालमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी पुष्कळदा टिंब लिहितात: आपले १,२५०.५० तिथे १.२५०,५० होतात. स्वल्पविराम असा अडकल्यामुळे तिथलं एक्सेल रकाने अर्धविरामाने वेगळे करतं. आपलं एक्सेल स्वल्पविराम शोधतं आणि गोंधळ होतो.

भावाला 'एक्सेल वर्कबुक' म्हणून पाठवायला सांगा. त्यात रक्कम आकडा म्हणून साठवली जाते आणि प्रत्येकाला आपल्या पद्धतीने दिसते. सीएसव्हीच उघडायची तर दोनदा क्लिक करू नका. 'डेटा', 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' मधून घ्या, विभाजक 'सेमीकोलन' निवडा आणि एन्कोडिंग ६५००१, म्हणजे यूटीएफ-८. महाजनांच्या यादीतली मराठी नावं बिघडून येतात तिथेही हाच आकडा कामाला येतो.

१७. जुन्या मॅकवरची वर्गणीची यादी आमच्या एक्सेलमध्ये कॉपी केली, सगळ्या तारखा चार वर्षं मागे गेल्या!

एक्सेल तारीख म्हणजे एका ठरावीक दिवसापासूनचे दिवस मोजतं. विंडोजवर मोजणी १९०० पासून, जुन्या मॅक एक्सेलमध्ये १९०४ पासून. मूळ फाइल उघडली तर तारखा बरोबर दिसतात, कारण ती सेटिंग फाइलसोबत येते. दुसऱ्या फाइलमध्ये कॉपी केलं की फरक उघडा पडतो: नेमके १,४६२ दिवस. एका रिकाम्या घरात १४६२ लिहून कॉपी करा, चुकलेल्या तारखा निवडा, 'पेस्ट स्पेशल' मधून 'व्हॅल्यूज' आणि 'ॲड' करा. आधी प्रत काढून ठेवा, कारण दोनदा केलं तर यादी चार वर्षं पुढे जाते.

१८. 'एटीटी००००१', 'स्माइम.पी७एस', 'एमएसजी' अशा फायली येतात. उघडायच्या का?

एटीटी हा बहुधा मेलच्याच मजकुराचा तुकडा असतो. ॲपल मेलमध्ये मजकुराच्या मध्ये फोटो टाकला की त्यानंतरच्या ओळी काही यंत्रणांत सुट्या फाइल म्हणून पोचतात. म्हणून दुर्लक्ष करू नका, निरोपाचा शेवट त्यात असू शकतो. पाठवणाऱ्याने फोटो शेवटी जोडावेत. मात्र शेपटी एचटीएम असेल आणि पाठवणारा अनोळखी असेल तर उघडू नका.

पी७एस म्हणजे पाठवणाऱ्याची डिजिटल सही, त्यात वाचण्यासारखं काही नसतं. एमएसजी म्हणजे आउटलुकमधून जोडलेली अख्खी मेल. आउटलुक नसेल तर ती पीडीएफ करून किंवा नुसती 'फॉरवर्ड' करून मागवा.

१९. जत्रेच्या नाटकाचं पोस्टर 'सीडीआर' मध्ये आलं. आमच्या छापखान्यातलं कोरलड्रॉ म्हणतं, उघडता येत नाही.

जुन्या कोरलला नव्या आवृत्तीची फाइल कळत नाही. चित्रकाराने 'सेव्ह ॲज' करताना तुमच्या छापखान्याची आवृत्ती निवडावी. पण त्यापेक्षा पीडीएफ बरा, सगळी अक्षरं 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज' करून. मग फॉन्टचा प्रश्नच राहत नाही (प्रश्न ६). अक्षरांची चित्रं झाल्यावर दुरुस्ती होत नाही, म्हणून आधी नटांची नावं, तारीख आणि देवस्थानाचं नाव दोघांनी वाचून घ्या, आणि मूळ फाइल वेगळी ठेवा.

२०. वडिलांनी लिहिलेली नाटकं पेजमेकरमध्ये आहेत. ज्याने टाइप केली त्याने आता मेलने पाठवली, पण कुठेच उघडत नाहीत. गेली का?

नाहीत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० होती, २००१ सालची, पुढे तो प्रोग्राम बंद पडला. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइन या प्रोग्रामची नवी आवृत्ती या फायली उघडत नाही. सीएस६ पर्यंतचं इनडिझाइन ६.० पासूनच्या फायली उघडतं, आणि अनेक छापखान्यांत ते अजून असतं. तेही नसेल तर लिबरऑफिसमधून उघडून बघा, त्यात पेजमेकरच्या फायली वाचायची सोय आहे. पानांची मांडणी विस्कटेल, मजकूर मिळेल.

मजकूर जवळजवळ नक्कीच जुन्या फॉन्टमध्ये असेल, तेव्हा पुढचं काम प्रश्न ६ प्रमाणे. टाइप करणाऱ्याकडून त्या फॉन्टची फाइल आजच मागून घ्या. त्याने जुना संगणक भंगारात काढला की ती मिळणं अवघड होतं. सगळ्या फायली एकदम हातात घेऊ नका. एक प्रवेश निवडा, रूपांतर करा, छापील प्रत किंवा हस्तलिखित असेल तर त्याच्याशी ओळ न् ओळ ताडून बघा. कुठली अक्षरं चुकतात हे त्या एका प्रवेशात कळतं, मग बाकीचं भराभर होतं. अडलात तर ती एक फाइल आणि फॉन्टचं नाव घेऊन या, आपण बसून करू.